खड्यांनी मोजलेला सूर

केंदूर गावाच्या कडेला, माळाला लागून असलेल्या एका पत्र्याच्या घरात, दारामागच्या खुंटीला सुतळीने टांगलेली पावणेदोन हात लांबीची काळपट नळी तुम्हाला दिसेल. ती मी. नवखे पाहुणे मला चुलीची फुंकणी समजतात, आणि एका पाहुणीने तर खरोखरच मला चुलीशी नेऊन ठेवले होते. माझ्या अंगावरची सात छिद्रे जवळ आल्यावाचून दिसत नाहीत. मित्रांनो, मी बासरी आहे, आणि बासरीच्या मानाने माझे वय आता पुष्कळ झाले आहे. बोलण्यासाठी मला आजवर नेहमी दुसऱ्याचा श्वास लागला. आज मात्र माझी हकीकत मी माझ्याच शब्दांत सांगणार आहे.

माझे मूळ आसामकडचे. तिकडच्या वेळूच्या बनातून मी मालगाडीने दौंडला आले, ती काही बासरी होण्यासाठी नव्हे. डब्यातले सामान हलू नये म्हणून मधे आडवे घातलेले जे वेळू होते, त्यांतलाच एक म्हणजे मी. सन एकोणीसशे नव्वदच्या उन्हाळ्यात दौंडच्या मालधक्क्यावर तो डबा रिकामा झाला आणि आम्हा सगळ्यांना रुळांच्या कडेला टाकून देण्यात आले. तेथे भिमाजी नावाचे एक हमाल होते. दिवसा पोती वाहणारा हा मनुष्य संध्याकाळी रेल्वे वसाहतीमागच्या आपल्या खोलीत बासऱ्या घडवीत असे. फलाटावर उतरलेल्या एका उत्तरेकडच्या फेरीवाल्याने त्यांना ही विद्या दिली होती. टाकलेल्या ढिगाशी ते वाकले आणि त्यांनी एकेका वेळूवर टिचकी मारून पाहिली. माझे पेर लांब होते, भिंत पातळ होती आणि टिचकीला माझ्या पोटातून गंभीर उत्तर येत होते. मालबाबूंची परवानगी घेऊन त्यांनी मला खांद्यावरून घरी नेले.

भिमाजींनी घाई केली नाही. वर्षभर त्यांनी मला आढ्याला बांधून सावलीत सुकू दिले. मग एका दिवशी सळई तापवून लाल केली आणि माझ्या अंगावर एकामागून एक रंध्रे पाडली. प्रत्येक वेळी धूर निघे आणि भाजल्या वेळूचा गोडसर वास खोलीभर पसरे. वेदना झाली का, असे तुम्ही विचाराल. झाली असावी. परंतु ज्या वाटांनी अग्नी आत आला, त्याच वाटांनी पुढे स्वर बाहेर पडला, म्हणून त्या वेदनेविषयी माझी तक्रार नाही. नंतर त्यांनी मला आतून-बाहेरून मोहरीचे तेल पाजले, अंगाला ठिकठिकाणी रेशमी दोरा गुंडाळला आणि ओठांशी धरले.

माझा पहिला स्वर उमटला तेव्हा भिमाजींच्या पत्नी अनसाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी हात थांबवून विचारले, "ही बासरी हाय का दाव्याची म्हस?"

भिमाजी हसले आणि म्हणाले, "खर्जाची हाय. समदीच चिमणी कशी असंल?"

त्या थट्टेत पुढच्या अनेक वर्षांचे माझे भाग्य सांगितलेले होते, हे मला तेव्हा समजले नाही.

भिमाजी आठवड्यातला एक दिवस शिरूरच्या बाजारात बसत. एका उभ्या काठीला गवताची पेंढी बांधून तिच्यात ते आम्हा सगळ्या बहिणींना खोचून ठेवीत. लहान, मधल्या, रंगीत दोऱ्यांच्या अशा पन्नासएक बासऱ्या असत आणि त्या सर्वांच्या वर डोके काढून मी. त्यांचा एक नेम होता. विकत घेण्याआधी ज्याला जी बासरी वाजवून पाहायची असेल, त्याला ती हातात द्यायची आणि त्याचे समाधान होईपर्यंत मधे बोलायचे नाही. "वाजवून बघा, मग बोला," एवढेच ते म्हणत.

मित्रांनो, बासरी पारखणाऱ्या माणसांचे किती प्रकार असतात, हे एखाद्या बासरीलाच विचारावे. कुणी मला सदऱ्याला पुसून मगच ओठ लावी. कुणी न वाजवताच डोळ्याशी धरून दुर्बिणीसारखे आरपार पाही. एकदा एक लग्नाळू तरुण आला. त्याने मला फुंकले नाही, नुसते आडवे धरून समोरच्या आरशाच्या दुकानात आपले रूप न्याहाळले आणि परत केले. एका शिक्षकांनी माझ्यात पूर्ण छाती रिकामी केली, तेव्हा त्यांना भोवळ आली आणि कांद्याच्या पोत्यावर बसावे लागले. बहुतेकांचा निकाल मात्र एकच असे. ही जड आहे, हिची छिद्रे लांब लांब आहेत, हिला दम फार लागतो. मग ते एखादी वीतभर बासरी घेत, तिच्यातून तीक्ष्ण स्वर काढत आणि प्रसन्न होऊन जात.

मला कुणी वाईट वागवले नाही. परंतु शेकडो श्वास आपल्यातून जावेत आणि एकही आपल्यापाशी थांबू नये, याचे दुःख असते. सहा वर्षे अशी गेल्यावर भिमाजींनी मला त्या पेंढीतून काढले. "तू आता बाजारात नगंस. तू माझ्यापाशी ऱ्हा," असे ते म्हणाले. तेव्हापासून गिऱ्हाईक ओसरले, की दुपारच्या वेळी ते स्वतःसाठी मला वाजवीत.

सन एकोणीसशे अठ्ठ्याण्णवच्या माघ महिन्यातली अशीच एक दुपार होती. आमची जागा त्या दिवशी मेंढरांच्या बाजाराला लागून होती. समोर दहा-बारा मेंढरांचा घोळका उभा होता आणि त्यांच्यामध्ये आमच्याकडे पाठ करून एक वृद्ध स्त्री बसली होती. तिचे नाव गिताबाई. तिच्या शेजारी डोक्याला तांबडे पागोटे बांधलेले तिचे पती म्हस्कूआबा उभे होते. त्यांचा मुलगा हनुमंत कुरकुंभच्या एका कारखान्यात पाळीने कामाला जाई आणि तो सुट्टीच्या दिवशी मुद्दाम आला होता. जयसिंग नावाचा व्यापारी एकेका मेंढराची पाठ मुठीत दाबून पाहत होता. सौदा जवळजवळ ठरला होता.

ही मेंढरे का विकली जात होती, ते मला पुढे त्यांच्याच बोलण्यातून कळले. म्हस्कूआबांचे घराणे पूर्वी मेंढरे घेऊन रानोमाळ फिरणारे. पुढे केंदूरला थोडी जमीन झाली, घर झाले आणि कळप घटत बारावर आला. ही बारा मेंढरे गिताबाईची होती. रोज सकाळी ती त्यांना माळावर नेई. परंतु दोन वर्षांपासून तिची श्रवणशक्ती मंदावली होती. समोर उभे राहून सावकाश बोलले तर ओठांवरून ती समजून घेई, पाठीमागचे मात्र तिला काहीच कळत नसे. शिरूरच्या डॉक्टरांनी कानाला लावायचे यंत्र दिले होते. माळावरच्या वाऱ्यात त्यातून नुसता घोंघावा येई, म्हणून तिने ते डब्यात ठेवून दिले. मग पौषात एका दुधाच्या टेम्पोने मागून भोंगा वाजवला. तो तिला ऐकू गेला नाही. चालकाने कसाबसा ब्रेक दाबला, तरी एक कोकरू गेले, आणि गिताबाई हातभर अंतराने वाचली. त्या दिवशी हनुमंतने ठरवले, की मेंढरे विकायची आणि आईला कुरकुंभच्या खोलीवर न्यायचे. त्याची बायको साधना तिला सांभाळील. म्हस्कूआबांना हे पटत नव्हते. पण पाठमोऱ्या माणसाला दुरून सावध करायचे कसे, या प्रश्नाला त्यांच्यापाशी उत्तर नव्हते.

हे सारे त्या वेळी मला ठाऊक नव्हते. भिमाजींनी मला ओठांशी धरले आणि खालच्या स्वरांवर संथपणे श्वास सोडला.

गिताबाईने मान वळवली. "आवं, कोण वाजवतंय हे?"

म्हस्कूआबा जागीच थबकले. मग तिच्या समोर जाऊन, ओठ स्पष्ट हलवीत त्यांनी विचारले, "तुला आलं ऐकू?"

"न यायला काय झालं? शेजारच्या घरात जातं फिरावं तसं घुमतंय."

म्हस्कूआबा मुलाकडे वळले. "हनुमंता, थांबव सौदा."

"आबा, आता हे काय नवीन?"

"थांबव म्हणतो न्हवं."

जयसिंगने मेंढराच्या पाठीवरचा हात काढला. "म्हस्कूआबा, मेंढरं इकायची का बासऱ्या फुकायच्या, ते एकदा ठरवा. माझी गाडी भाड्याची हाय."

म्हस्कूआबा भिमाजींपाशी येऊन उकिडवे बसले. "पाव्हणं, बासरी घ्यायची हाय. पर आमी आमच्या रीतीनं बघून घेणार. चालंल का?"

"वाजवून बघा, मग बोला," भिमाजी म्हणाले.

मित्रांनो, ती रीत मी त्या दिवशी प्रथम पाहिली. म्हस्कूआबांच्या लोकांत म्होरक्या मेंढराच्या गळ्यात बांधायची घंटी घेताना ती कानाशी वाजवून कधीच पाहत नाहीत. एकाने दुकानापाशी उभे राहून घंटी हलवायची, दुसऱ्याने पाठ करून चालत दूर जायचे. नाद ऐकू येईनासा झाला, की तिथे जमिनीवर एक खडा ठेवायचा. मग दुसरी घंटी, दुसरा खडा. जिचा खडा सर्वांत दूर, ती घंटी घरी न्यायची. जवळ कोण गोड वाजते याला त्या पारखीत काही किंमत नव्हती. म्हस्कूआबांनी ठरवले, की बासरीही तशीच पाहायची. चालणार होती गिताबाई.

हनुमंतने मधेच अडवले. "तसं न्हाई जमायचं. मेंढरं वाचवायला आई मुकाट चालत सुटंल. मी संगं चालतो. आबा, मी पाठीमागं हात वर केला की वाजवायचं, खाली केला की थांबायचं. आई, तुला आवाज येतोय तवर काठी वर धरायची. न आला की खाली. आन् खोटं न्हाई करायचं."

गिताबाईने त्याच्या तोंडाकडे पाहत सगळे समजून घेतले. "आरं, तुला चालायला म्या शिकवलं. आता तू माझी परीक्षा घे."

येथे म्हस्कूआबांच्या हातून एक चूक झाली. ती चूक त्यांची एकट्याची नव्हती. ज्याला कमी ऐकू येते त्याच्यासाठी आवाज अधिक तीक्ष्ण हवा, असे त्या घरातल्या सर्वांनाच वाटत होते. दोन वर्षे सारे जण गिताबाईशी वरच्या पट्टीत ओरडून बोलत होते. म्हणून मघाशी घुमलेला सूर प्रत्यक्ष ऐकूनही म्हस्कूआबांनी पेंढीतली सर्वांत लहान, सर्वांत कर्कश बासरी उचलली. त्यांनी ती फुंकली तेव्हा शेजारच्या भांडीवाल्याने कानांवर हात ठेवले, आणि मेंढरेही दचकून मागे सरली. गिताबाई मात्र चार पावले चालून थांबली. तिची काठी खालीच होती.

"वाजवा की," ती म्हणाली.

हनुमंतने तेथे खडा ठेवला. म्हस्कूआबांनी दुसरी बासरी घेतली, तिसरी घेतली. एकीने तिला बारा पावले नेले, एकीने वीस. बाजारातली माणसे आता गोळा झाली होती. कुणी गिताबाईच्या मागे उभे राहून तिचे नाव घेऊन ओरडू लागले, जणू तीही पारखीचीच एक रीत होती. हनुमंतने त्यांना हाताने दूर सारले. भिमाजींनी एकामागून एक बासरी दिली आणि ती परत आली, की पुसून पेंढीत खोचली. दहा बासऱ्या झाल्या. दहाही खडे वीस पावलांच्या आतच पडले होते.

जयसिंग म्हणाला, "आता आमच्या टेम्पोचा भोंगा वाजवून बघता का? त्यो बी इकायला हाय."

लोक हसले. म्हस्कूआबा हसले नाहीत. त्यांच्या पागोट्याखालून घामाचा ओघळ कानामागे उतरत होता.

गिताबाई परत आली. तिने सगळ्या बासऱ्यांवरून दृष्टी फिरवली आणि भिमाजींच्या मांडीवर पडलेल्या माझ्याकडे बोट केले. "मघाशी ही वाजत हुती. हिला का लपवून ठिवलंय?"

"ती इकायची न्हाई, मावशी," भिमाजी म्हणाले. मग तिच्या समोर होऊन पुन्हा सांगितले, "ती माझी हाय."

भिमाजींनी मला उचलले, उजव्या हातातून डाव्या हातात घेतले, आणि शेवटी म्हस्कूआबांपुढे धरले. "वाजवून बघायला आजवर कुणाला ना म्हटलं न्हाई. तुमाला कशी म्हणू? बघा."

मला ओठ लावताच माझ्यातून नुसता वारा बाहेर पडला. म्हस्कूआबांची बोटे काठीवर आणि कातरीवर आयुष्यभर वाकून घट्ट झाली होती. खालच्या तीन रंध्रांपर्यंत ती पोहोचतच नव्हती. त्यांनी पुन्हा फुंकले, आणि पुन्हा वारा.

"लोहाराचा भाता बरा," जयसिंग म्हणाला.

भिमाजी पुढे सरकले. त्यांनी माझे मुख किंचित आत वळवले आणि म्हस्कूआबांची बोटे वरच्या तीन रंध्रांवर एकेक करून ठेवली. "खालची सोडून द्या, आबा. तुमाला कुठं गानं वाजवायचंय. व्हट सैल सोडा. हाळी मारल्यागत नगा फुकू. गरम भाकरीवर फुकता तसं फुका."

म्हस्कूआबांनी डोळे मिटले आणि गरम भाकरीवर फुंकर घालावी तसे हळूच फुंकले.

मित्रांनो, भिमाजींनी काढलेले माझे सुरेल स्वर मी वर्षानुवर्षे ऐकले होते. परंतु त्या वाकड्या बोटांखालून आलेला तो थरथरता, अपुरा स्वर मला अजून सर्वांहून जवळचा वाटतो. पाठमोऱ्या गिताबाईची काठी वर गेली.

ती चालू लागली. मागून हनुमंत चालत होता. त्याने हात खाली केला, मी थांबले, काठी खाली आली. त्याने हात वर केला, मी बोलले, काठी वर गेली. ती भांडीवाल्यांच्या पुढे गेली, कापडाच्या पालांपुढे गेली. आधीचे दहा खडे केव्हाच मागे पडले. हनुमंतने तिला फसवण्यासाठी एकदा बराच वेळ हात खाली ठेवला. तोवर काठीही खालीच राहिली. माणसांच्या गर्दीत आता मला फक्त ती काठीच दिसत होती. बाजार जिथे संपतो आणि टेम्पो उभे असतात, तिथवर जाऊन ती उंच उभी राहिली. त्यापुढे डांबरी रस्ता होता, म्हणून गिताबाई थांबली. ऐकू येईनासे झाले म्हणून नव्हे.

हनुमंतने तिथे खडा ठेवला आणि परत येताना पावले मोजली. तो आला आणि म्हणाला, "दोनशे चाळीस."

मग तो व्यापाऱ्याकडे वळला. "मामा, ऱ्हायलं. मेंढरं न्हाई द्यायची."

"तुमच्या घरात सगळीच बहिरी," असे म्हणत जयसिंग निघून गेला. परंतु चार पावलांवर जाऊन त्यानेही एकदा रस्त्याच्या टोकाकडे मान उंचावून पाहिले.

म्हस्कूआबांनी मला पागोट्याच्या टोकाने पुसले आणि दोन्ही हातांनी भिमाजींपुढे धरले. "तुमची हाय. घ्या."

भिमाजींनी हात पुढे केला नाही. "सहा वरसं बाजारात लोकं इचारत हुती, ही कुणाच्या कामाची. मला बी ठावं नव्हतं. आता ती तुमच्या घरची झाली, आबा. महिन्याला मोहरीचं तेल द्या. उन्हात नगा ठिवू. आन् चुलीपसनं लांब." मोबदल्याचे बोलणे त्या दोघांनी दोन वाक्यांत उरकले. मी भिमाजींच्या हातून गेले, तेव्हा त्यांचा अंगठा माझ्या मुखावर क्षणभर रेंगाळला, आणि मग त्यांनी मोकळ्या हाताने पेंढी सारखी केली.

केंदूरला माझे कामकाज सुरू झाले. हनुमंतने अटी घातल्या होत्या. आईने मेंढरे रस्त्याच्या वरच्या अंगाला चारायची आणि आबांनी टेकाडावर, जिथून दोन्ही वळणे दिसतात, तिथे बसून राहायचे. एक लांब स्वर म्हणजे मागे वाहन आहे. दोन तुटक स्वर म्हणजे मेंढरे वर घे. तीन म्हणजे भाकरीची वेळ झाली. गिताबाई म्हणे, की आबा तिसरी खूणच सर्वांत मन लावून वाजवतात.

अशी वर्षे गेली. त्या माळावर एकही मेंढरू पुन्हा वाहनाखाली आले नाही. गावातले लोक टेकाडाखालून जाताना थांबत, आणि "आबा, आज कुठला राग?" असे विचारीत. म्हस्कूआबा तीनच स्वरांचे धनी, पण उत्तर देत, "भाकरीचा." माझी कीर्ती वाढली, तसा माझा अभिमानही वाढला, हे मी कबूल करते. गिताबाईच्या मिटत चाललेल्या कानांत जाणारा एकमेव नाद मी आहे, या विचाराने मी फुलून येई.

उपेक्षाही वाट्याला आली. कळपाची बारा मेंढरे अठरा झाली त्या वर्षी हनुमंतने आईला आणि आबांना एकेक मोबाईल दिला, आणि महिनाभर मी खुंटीवर कोरडी पडले. गिताबाईचा मोबाईल तिच्या पिशवीत वाजत राही आणि तिला पत्ता नसे. मला पुन्हा काढले, तेव्हा माझ्या अंगाला तळापासून एक उभी चीर गेली होती. म्हस्कूआबांनी ती मेणाने बुजवून वर दोरा आवळला. साधना सणाला आली असता तिने मायेने मला शेंगदाण्याचे तेल चोळले. दुसऱ्या दिवशी माझ्या आतबाहेर मुंग्यांची रांग लागली होती. तरीही हेतू चांगला होता, म्हणून मी मुंग्यांचे बिऱ्हाड आठवडाभर सोसले.

सन दोन हजार सातच्या मार्गशीर्षात म्हस्कूआबांचे गुडघे धरले. हनुमंत सुट्टी काढून आला. सकाळी अंगणात गिताबाई पाठ करून बाजरी पाखडत होती. मेंढरे अजून वाडग्यात, म्हणजे त्यांच्या कुंपणात, मागच्या बाजूला होती. टेकाडावर जाण्याआधी सराव म्हणून हनुमंतने दहा पावलांवरून मला फुंकले. गिताबाईचे सूप चालूच राहिले. तो पाच पावलांवर आला. मग दोन. त्याने मला तिच्या पाठीशी अगदी जवळ धरून पूर्ण श्वासाने वाजवले. सुपातली बाजरी त्याच तालात उडत होती.

हनुमंतने मला खाली घेतले. मेंढरे सुटली तेव्हा तो तिच्यामागे माळापर्यंत गेला आणि मग धावतच टेकाड चढला. थोड्या वेळाने वळणावर दुधाचा टेम्पो दिसला. गिताबाई रस्त्याच्या काठाशी पाठमोरी उभी होती. हनुमंतने माझ्यातून एक लांब स्वर काढला, आणि त्याच क्षणी ती वळली, टेम्पो पाहिला, काठी वर केली आणि बाजूला झाली.

तो टेकाड उतरून तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. त्याने आपल्या कानाकडे बोट केले, मग माझ्याकडे, मग तिच्याकडे.

गिताबाई हसली. "मला आता कायबी येत न्हाई, बाबा. दोन वरसं झाली."

त्याने हातांनीच विचारले, मग कशी वळलीस?

तिने कळपाच्या पुढच्या, काळ्या तोंडाच्या मेंढीच्या पाठीवर हात ठेवला. "हिला येतंय की. तू वाजवलं की हिचं कान उभं ऱ्हात्यात. आन् हिनं मान फिरवली की मी बी फिरवती. तुझ्या बापाला नगं सांगूस. त्यांना वाटतं, मी ऐकती."

हनुमंत परत वर आला, तेव्हा म्हस्कूआबा काठी टेकत हळूहळू टेकाडावर येऊन बसले होते. मुलाचा चेहरा पाहून त्यांनीच विषय काढला. "कळलं व्हय तुला?"

"आबा, तुमाला ठावं हाय?"

"लगीन होऊन पन्नास वरसं झाली, आन् मला ठावं नसंल?"

"मग सांगितलं का न्हाई मला?"

"सांगितलं असतं तर मेंढरं बाजारात गेली असती." त्यांनी डोळ्यांवर हात धरून माळाकडे पाहिले. "तिनं मला सांगितलं न्हाई. मी बी तिला इचारलं न्हाई. मेंढरं ऐकत्यात, तवर काय अडलंय? तूच बघ, वळली का न्हाई ती?"

खाली मेंढरे सावकाश चरत होती, आणि त्यांच्या मागे गिताबाईचे लुगडे वाऱ्यावर हलत होते. मग हनुमंतने मला पुन्हा हातात घेतले, वळणाकडे तोंड करून वडिलांशेजारी मांडी घातली, आणि दिवस कलेपर्यंत तो तेथून उठला नाही.

मी मात्र त्या दिवशी पुष्कळ शिकले. गिताबाईशी मी बोलते, असे मी मानत होते. दोन वर्षे माझा एकही स्वर तिच्या कानांत शिरला नव्हता, आणि तरीही तो तिच्यापर्यंत न चुकता पोहोचत होता. एका मुक्या प्राण्याच्या कानातून, त्याच्यावर खिळलेल्या तिच्या दृष्टीतून, आणि सगळे जाणूनही रोज टेकाड चढणाऱ्या एका वृद्धाच्या श्वासातून. नादाला पोहोचण्यासाठी किती जणांचा आधार लागतो, हे कळल्यावर माझा अभिमान आपोआप गळून गेला.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाला कमी ऐकू येत असेल, तर त्यांच्यावर आवाज चढवू नका. चढलेला स्वर त्यांना कळत नाही, चढलेला राग मात्र चेहऱ्यावरून लगेच कळतो. त्यांच्यासमोर या, स्वर खाली आणा, आणि तुमचे कोणते बोलणे त्यांच्यापर्यंत जाते ते थोडे कष्ट घेऊन शोधा. वस्तू विकत घेताना आपण इतकी पारख करतो. आपल्या माणसांसाठी त्याहून थोडी अधिक करावी, एवढेच माझे मागणे आहे. आणि माझ्यासारखी एखादी जुनी बासरी कुठे खुंटीवर दिसली, तर तिला मोहरीच्या तेलाचे बोट लावा. शेंगदाण्याचे नको.

आता मला थांबले पाहिजे. वाडग्याचे फाटक उघडल्याचे ऐकू येते आहे. मेंढरे निघाली असतील. म्हस्कूआबांनी दाराशी काठी टेकली आहे आणि मला काढण्यासाठी खुंटीकडे हात वर केला आहे.